वॉकीटॉकीचा एमिशन कोड कसा वाचायचा आणि बँडविड्थ कशी तपासायची

वैयक्तिक वापराच्या टू-वे रेडिओचं मंजुरीपत्र उघडलं की त्यात एक रांग दिसते. समजा ती अशी आहे: ४६२.५५०० ते ४६२.७२५० मेगाहर्ट्झ, २ वॅट, २.५ पीपीएम, ११के० एफ३ई. फ्रिक्वेन्सी समजते, वॅट समजतात, पीपीएम म्हणजे फ्रिक्वेन्सी दहा लाखात किती भाग सरकू शकते ते. शेवटच्या सात अक्षरांवरून मात्र बहुतेकांची नजर घसरते. हा रेडिओ हवेत किती जागा अडवतो आणि ती जागा कशाने भरतो, हे त्या सात अक्षरांतच लिहिलेलं असतं. दोन चांगले रेडिओ एकाच चॅनलवर असूनही एकाचा आवाज फाटतो आणि दुसऱ्याचा दबतो, त्याचं कारणही बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

मूळ कागदावर हा कोड रोमन अक्षरांत, सलग छापलेला असतो. इथे तो देवनागरीत आणि दोन तुकड्यांत लिहिला आहे, कारण पहिला तुकडा रुंदी सांगतो आणि दुसरा मॉड्युलेशनचा, म्हणजे रेडिओलहरीवर आवाज चढवण्याच्या पद्धतीचा, प्रकार. कोडची भाषा जगभर एकच आहे. रुंदीची मर्यादा मात्र प्रत्येक देश आपापली ठरवतो. खालची उदाहरणं मुख्यतः अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाच्या नियमांच्या भाग ९५ मधली आहेत आणि थोडी युरोपातली. बटण ज्या देशात दाबणार, नियम तिथलाच पाहायचा.

पहिली चार अक्षरं: रुंदी

तीन आकडे आणि एक अक्षर, एवढंच. ते अक्षर दशांशचिन्हाच्या जागी बसतं आणि एककही तेच सांगतं: एच म्हणजे हर्ट्झ, के म्हणजे किलोहर्ट्झ, एम मेगाहर्ट्झ, जी गिगाहर्ट्झ. १२के५ म्हणजे १२.५ किलोहर्ट्झ, २के८० म्हणजे २.८, आणि ४००एच म्हणजे ४०० हर्ट्झ. कोड शून्याने सुरू होत नाही, म्हणून ४०० हर्ट्झ हे ०.४ किलोहर्ट्झ असं लिहीत नाहीत. के, एम किंवा जी यांपैकी कुठलंही अक्षरही सुरुवातीला येत नाही. तीन आकड्यांत मावलं नाही तर पूर्णांकन होतं, जसं १८०.५ किलोहर्ट्झचं १८१के.

वाचताना चूक होते ती अक्षराच्या जागेत. ११के० म्हणजे ११ किलोहर्ट्झ, १के१० म्हणजे १.१ आणि ११०के म्हणजे ११०. आकडे तेच, अर्थामध्ये शंभर पटींचा फरक. विक्रीच्या पानांवर हा कोड हाताने उतरवलेला असतो आणि शून्य गळालेलं दिसतं. चारपेक्षा कमी अक्षरं दिसली तर त्या पानावर विसंबू नका, मूळ मंजुरीपत्र पाहा.

पुढची तीन: मॉड्युलेशन

पहिलं अक्षर मुख्य कॅरियरवर, म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या मूळ लहरीवर, काय केलं आहे ते सांगतं. ए म्हणजे दोन्ही साइडबँड (कॅरियरच्या दोन बाजूंचे पट्टे) असलेलं एएम, म्हणजे ॲम्प्लिट्यूड मॉड्युलेशन. जे म्हणजे कॅरियर दाबलेला एकच साइडबँड. एफ म्हणजे फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन, जी म्हणजे फेज मॉड्युलेशन. नुसताच कॅरियर असेल तर एन.

मधला आकडा सिग्नलचा स्वभाव सांगतो. १ म्हणजे उपकॅरियर (कॅरियरवर चढवलेली मधली लहर) न वापरता पाठवलेला एक डिजिटल चॅनल, २ म्हणजे उपकॅरियर वापरून पाठवलेला डिजिटल, ३ म्हणजे एक ॲनालॉग चॅनल, ७ म्हणजे दोन किंवा जास्त डिजिटल चॅनल. शेवटचं अक्षर माहितीचा प्रकार: ई म्हणजे बोलणं, डी म्हणजे डेटा, ए म्हणजे कानाने ऐकायचा मोर्स, डब्ल्यू म्हणजे मिश्रण. कुठल्याच खणात न बसणाऱ्या गोष्टीला एक्स.

त्यामुळे एफ३ई म्हणजे एफएमवरचं साधं ॲनालॉग बोलणं. जी३ई म्हणजे तेच, फक्त सर्किट फेज मॉड्युलेटरचं. ऐकणाऱ्या रेडिओला या दोघांतला फरक कळत नाही, म्हणून एकाच्या कागदावर एफ३ई आणि दुसऱ्याच्या कागदावर जी३ई असेल तर काळजीचं कारण नाही. ए३ई हे सीबीवरचं (सिटिझन्स बँड या सर्वसामान्यांच्या रेडिओ सेवेवरचं) एएम, जे३ई हे सीबीवरचं एसएसबी, म्हणजे एकाच साइडबँडचं. हँडसेट आपलं जीपीएस ठिकाण किंवा छोटा मजकूर पाठवत असेल तर वेगळ्या ओळीत एफ२डी दिसेल.

बोलणं संपल्यावर वाजणारी छोटी टिटी किंवा कॉल टोन यांची वेगळी नोंद सापडली नाही तर गोंधळू नका. थोडा वेळ टिकणारं, ओळख देण्यापुरतं किंवा हाक मारण्यापुरतं मॉड्युलेशन रुंदी वाढवत नसेल तर कोडमध्ये धरलं नाही तरी चालतं.

युरोपातल्या काही कागदांवर शेवटी आणखी दोन अक्षरं असतात, जसं १६के० एफ३ईजेएन. ती ऐच्छिक आहेत. इथे जे म्हणजे व्यावसायिक दर्जाचा आवाज आणि एन म्हणजे मल्टिप्लेक्सिंग नाही. जुन्या मॅन्युअलमध्ये एफ३, ए३, ए३जे अशी आखूड रूपं भेटतील. आजची पद्धत १९७९ च्या जिनिव्हा परिषदेत ठरली आणि १ जानेवारी १९८२ पासून लागू झाली. एफ३ म्हणजे आजचं एफ३ई आणि ए३जे म्हणजे आजचं जे३ई.

११ आणि १६ हे आकडे येतात कुठून

हे गणित एकदा हाताने करून पाहाच, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एफएमची आवश्यक बँडविड्थ काढायची तर आवाजातली सर्वांत वरची फ्रिक्वेन्सी आणि कमाल डेव्हिएशन यांची बेरीज करायची आणि ती दुप्पट करायची. डेव्हिएशन म्हणजे बोलताना कॅरियर आपल्या जागेपासून एका बाजूला किती सरकतो ते.

आवाज ३ किलोहर्ट्झपर्यंत आणि डेव्हिएशन ५ किलोहर्ट्झ धरलं तर ३ अधिक ५ म्हणजे ८, दुप्पट १६. हे झालं १६के० एफ३ई, ज्याला रेडिओच्या मेनूत वाइड म्हणतात. डेव्हिएशन २.५ केलं की ५.५ ची दुप्पट ११, म्हणजे ११के० एफ३ई, मेनूतलं नॅरो. अमेरिकी नियम आवाजाची वरची हद्द ३.१२५ किलोहर्ट्झ धरतात. ती घेऊन नॅरोचं गणित केलं तर बरोबर ११.२५ येतं, म्हणून काही कागदांवर ११के२ किंवा ११के३ दिसतं. १०के५ दिसलं तर उत्पादकाने डेव्हिएशन थोडं हात राखून धरलं आहे एवढंच समजायचं. ३ किलोहर्ट्झ आवाज आणि २.२५ डेव्हिएशन घेतलं की हाच आकडा मिळतो.

एएममध्ये डेव्हिएशनचा प्रश्न नाही, आवाजाच्या फ्रिक्वेन्सीची दुप्पट केली की झालं. ४ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज म्हणजे ८के०० ए३ई. एसएसबीत एकच साइडबँड जातो, त्यामुळे दुप्पट करायची नाही. म्हणून तिथे २के८० च्या आसपासचे आकडे दिसतात.

चार रुंद्या, चार वेगळे अर्थ

बँडविड्थ हा एकच शब्द चार गोष्टींसाठी वापरला जातो आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आवश्यक बँडविड्थ ही गणिताने काढलेली असते आणि कोडमध्ये तीच लिहिलेली असते. व्यापलेली बँडविड्थ मोजावी लागते: एकूण पॉवरपैकी ९९ टक्के ज्या पट्ट्यात मावते तो पट्टा, म्हणजे खाली अर्धा टक्का आणि वर अर्धा टक्का सोडून उरलेला. मंजूर बँडविड्थ ही नियमाने आखलेली कमाल हद्द. चौथं म्हणजे दोन शेजारी चॅनलमधलं अंतर, आणि ते या तिघांपैकी कशाशीही जुळायलाच हवं असं नाही.

जीएमआरएस या अमेरिकेतल्या वैयक्तिक रेडिओ सेवेच्या मुख्य चॅनलवर हे चारही आकडे सुटे दिसतात. कोड म्हणतो १६, मंजूर हद्द २०, मुख्य चॅनलमधलं अंतर २५, आणि प्रत्यक्ष बोलताना मोजलेली रुंदी बहुतेक वेळ १६ च्याही आत. '२५ किलोहर्ट्झचा रेडिओ' असं कुणी म्हटलं तर ते चॅनलच्या अंतराबद्दल बोलत असतात. त्या रेडिओचा सिग्नल २५ किलोहर्ट्झ रुंद नसतो आणि नसावाही.

कुठल्या सेवेत किती रुंदी

एफआरएस या अमेरिकेतल्या छोट्या हँडसेटच्या सेवेचं सगळ्यांत सरळ आहे. २०१७ च्या सुधारित नियमांनुसार २२ चॅनल, सगळ्यांवर मंजूर बँडविड्थ १२.५ किलोहर्ट्झ, कमाल डेव्हिएशन २.५, फ्रिक्वेन्सीची अचूकता २.५ पीपीएम. चॅनल १ ते ७ आणि १५ ते २२ वर २ वॅट ईआरपी (अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी परिणामी पॉवर), ८ ते १४ वर अर्धा वॅट. अँटेना काढता येणारी नसावी. बोलण्यासाठी एफ३ई किंवा जी३ई, डेटासाठी एफ२डी किंवा जी२डी. डेटाचा तुकडा एका सेकंदापेक्षा लांब नको आणि सर्वसाधारणपणे ३० सेकंदांत एकदाच. एफआरएस म्हणून विकल्या जाणाऱ्या हँडसेटवर १६के० दिसलं तर कुठेतरी गफलत आहे.

जीएमआरएस त्याच २२ चॅनलवर चालतं, वर रिपीटरच्या (सिग्नल ऐकून तो पुन्हा पाठवणाऱ्या केंद्राच्या) इनपुटसाठी ४६७.५५०० ते ४६७.७२५० पर्यंतचे आठ. लायसन्स लागतं, परीक्षा नसते. इथे रुंदी चॅनलनुसार बदलते. मुख्य चॅनल, म्हणजे १५ ते २२ आणि त्यांचे रिपीटर इनपुट, यांवर २० किलोहर्ट्झ. चॅनल १ ते ७, म्हणजे ४६२ मेगाहर्ट्झच्या मुख्य चॅनलांच्या मधोमध बसलेले, यांवरही २०. पण ८ ते १४, म्हणजे ४६७ मेगाहर्ट्झमधले मधले चॅनल, यांवर फक्त १२.५. जिथे २० आहे तिथे डेव्हिएशन ५ किलोहर्ट्झपर्यंत चालतं, जिथे १२.५ आहे तिथे २.५ पर्यंत.

८ ते १४ वर एवढी कडक हद्द का? हे सात चॅनल रिपीटरच्या इनपुटच्या मध्ये आहेत. चॅनल ८ म्हणजे ४६७.५६२५, त्याच्या दोन्ही बाजूंना अवघ्या १२.५ किलोहर्ट्झवर ४६७.५५०० आणि ४६७.५७५० असे दोन इनपुट. डोंगरावरचा रिपीटर तिथे लांबचे दुबळे सिग्नल ऐकत बसलेला असतो. जवळचा हँडसेट वाइडवर बोलला की त्याची कड रिपीटरच्या कानात शिरते. म्हणूनच इथे अर्धा वॅट ईआरपी आणि फक्त हँडसेट. गाडीतल्या किंवा घरातल्या स्थिर संचाला या सातांवर बोलायची परवानगीच नाही.

चॅनल १ ते ७ वर २० किलोहर्ट्झ चालतं, पण कागदावर गणित करून पाहा. चॅनल १ म्हणजे ४६२.५६२५. २० किलोहर्ट्झ धरले तर हा पट्टा ४६२.५५२५ पासून ४६२.५७२५ पर्यंत जातो. शेजारचा मुख्य चॅनल १५, म्हणजे ४६२.५५००, त्याचा २० किलोहर्ट्झचा पट्टा ४६२.५६०० पर्यंत येतो. साडेसात किलोहर्ट्झची जागा दोघांची सामाईक. नॅरोवर बोललात तर तुमचा पट्टा ४६२.५५६२५ ला सुरू होतो आणि सामाईक जागा पावणेचारवर येते. या सातांवर वाइड चालत असलं तरी नॅरो ठेवावं असा आमचा आग्रह आहे. चॅनल १५ वर रिपीटर चालत असेल तर शेजाऱ्याला फरक लगेच जाणवतो, आणि समोरचा एफआरएसवर असेल तर त्यालाही तुमचा आवाज नीट मिळतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. १ जानेवारी २०१३ पासून व्यावसायिक रेडिओंना नॅरोवर यावं लागलं, ते भाग ९० मध्ये. जीएमआरएस भाग ९५ मध्ये आहे आणि ती सक्ती त्याला लागू झाली नाही. मुख्य चॅनलवर वाइड आजही पूर्ण नियमात आहे.

एमयूआरएस या अमेरिकेतल्याच आणखी एका वैयक्तिक सेवेचे पाचच चॅनल, २ वॅट. १५१.८२०, १५१.८८० आणि १५१.९४० मेगाहर्ट्झवर ११.२५ किलोहर्ट्झ, तर १५४.५७० आणि १५४.६०० वर २०. ११.२५ हा आकडा आपण वर गणिताने काढलाच आहे. १६के० एफ३ई असा एकच कोड पाचही चॅनलला लावलेला असेल तर पहिल्या तिघांवर तो बसत नाही.

सीबीवर एएमला ८ किलोहर्ट्झ, एसएसबीला ४. एफएमला २०२१ मध्ये परवानगी मिळाली, त्यामुळे त्याआधीच्या मंजुरीपत्रात एफ३ई दिसणार नाही. एएममध्ये रुंदी बिघडते ती १०० टक्क्यांपुढे मॉड्युलेशन गेल्यावर, आणि त्यामागे बहुतेक वेळा जास्त गेनवर ठेवलेला पॉवर माइक (आवाज वाढवून देणारा माइक) असतो.

युरोपातली वैयक्तिक रेडिओ सेवा पीएमआर४४६: ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, अर्धा वॅट ईआरपी, अँटेना जोडलेलीच. ॲनालॉगचे १६ चॅनल, पहिला ४४६.००६२५ वर, अंतर १२.५. कोड साधारण ११के० एफ३ई. डिजिटल ६.२५ किलोहर्ट्झच्या अंतरावरही चालतं, तिथे ४के०० एफ१ई दिसतं.

घेण्याआधी तपासणी

अमेरिकेत मंजूर झालेल्या रेडिओवर एफसीसी आयडी असतो. हँडसेटवर तो बहुधा बॅटरी काढल्यावर आतल्या लेबलवर सापडतो. सुरुवातीची तीन किंवा पाच अक्षरं उत्पादकाची. अक्षराने सुरुवात झाली तर तीन, आकड्याने झाली तर पाच. उरलेली मॉडेलची. एफसीसीच्या संकेतस्थळावरच्या शोधखिडकीत हे दोन भाग वेगवेगळे टाकायचे आणि मंजुरीपत्र उघडायचं.

आधी नियमाचा भाग पाहा, कोड नंतर. एफआरएससाठी ९५बी, जीएमआरएससाठी ९५ई. २०१७ च्या आधीच्या कागदांवर जीएमआरएस ९५ए म्हणून नोंदलेलं असतं. नुसतं ९० असेल तर तो व्यावसायिक सेवेचा रेडिओ. त्यावर ११के० एफ३ई लिहिलेलं असलं तरी त्याने तो जीएमआरएसचा होत नाही. हौशी रेडिओचंही तसंच. कोड जुळणं आणि त्या सेवेसाठी मंजुरी असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

मग एकेक रांग घ्या. फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावरून चॅनल ओळखा, त्या चॅनलची मंजूर हद्द आठवा आणि कोडमधली रुंदी त्याच्या आत आहे का ते पाहा. ४६७.५६२५ ते ४६७.७१२५ ची रांग वेगळी असून तिथे ११के० किंवा १०के५ असेल आणि पॉवर अर्ध्या वॅटच्या घरात असेल, तर काम नीट केलेलं आहे.

पीपीएमचा रकाना सोडू नका. ४६२.५६२५ मेगाहर्ट्झवर २.५ पीपीएम म्हणजे जवळपास १.१६ किलोहर्ट्झ. ११ किलोहर्ट्झच्या सिग्नलची अर्धी रुंदी ५.५, त्यात हे सरकणं मिळवलं तर ६.६६ होतं, आणि १२.५ च्या हद्दीचा अर्धा भाग आहे ६.२५. म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल मर्यादेपर्यंत सरकलेला असेल आणि वर कुणी ओरडून बोललं तर कड बाहेर जाऊ शकते. १०के५ असा हात राखलेला कोड या दृष्टीने बरा. १२.५ पेक्षा रुंद सिग्नलला जीएमआरएसमध्ये ५ पीपीएम चालतं, कारण तिथे शिल्लक जागा जास्त असते.

वाइड-नॅरो जुळलं नाही की काय होतं

प्रोग्राम करता येणाऱ्या रेडिओत हा पर्याय प्रत्येक चॅनलसाठी वेगळा असतो. बाओफेंग यूव्ही-५आर या हँडसेटवर मेनू क्रमांक ५ तोच आहे. रेडिओ प्रोग्राम करायच्या चर्प सॉफ्टवेअरमध्ये मोडच्या रकान्यात एफएम म्हणजे वाइड आणि एनएफएम म्हणजे नॅरो.

तुम्ही नॅरोवर आणि ऐकणारा वाइडवर असेल तर त्याला आवाज सुमारे ६ डेसिबल कमी मिळतो, कारण डेव्हिएशन अर्धं आहे. लोक मग आवाज वाढवतात आणि पुढच्या वाइड स्टेशनला दचकतात. उलट, तुम्ही वाइडवर आणि तो नॅरोवर असेल तर त्याच्या रिसीव्हरचा फिल्टर तुमच्या कडा छाटतो. हळू बोललात तर ठीक ऐकू येतं. जोरात बोललं की प्रत्येक शिखरावर करकर होते, कधी स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) मध्येच बंद होऊन शब्द गळतात. सिग्नल पूर्ण असून फक्त जोरातले शब्द फाटत असतील, तर अँटेना बदलण्याआधी हा पर्याय तपासा.

रिपीटरवर याचं आणखी एक रूप दिसतं. नॅरो केलं की सीटीसीएसएस टोनचं, म्हणजे रिपीटर उघडण्यासाठी आवाजाखाली जाणाऱ्या बारीक टोनचं, डेव्हिएशनही कमी होतं. वाइडसाठी लावलेल्या रिपीटरचा डीकोडर तो टोन कधी पकडतो, कधी सोडतो. रिपीटर उघडतो, दोन शब्द जातात आणि बंद. टोनचा क्रमांक बरोबर असूनही असं होत असेल तर तो चॅनल वाइड करून पाहा.

डेव्हिएशन घरी मोजणं

महागडं यंत्र नसलं तरी बऱ्यापैकी अचूक मोजता येतं. एफएममध्ये एकच शुद्ध टोन दिला आणि डेव्हिएशन त्या टोनच्या २.४०५ पट झालं, की मधला कॅरियर नाहीसा होतो. २.५ किलोहर्ट्झ तपासायचं तर टोन हवा १०४० हर्ट्झ, ५ किलोहर्ट्झसाठी २०८०.

लागतं ते असं: एक स्वस्त एसडीआर रिसीव्हर (संगणकावर सिग्नलचं चित्र दाखवणारा), संगणक, टोन वाजवणारा फोन, आणि अँटेना काढता येत असेल तर डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर शोषणारा तुकडा). रेडिओ एसडीआरला केबलने कधीच जोडू नका, २ वॅटमध्ये तो जळेल. पाच-दहा मीटर अंतर ठेवा, रेडिओची पॉवर सर्वांत कमी, सीटीसीएसएस बंद. अँटेना निघत नसेल तर चॅनल मोकळा आहे हे आधी ऐकून खात्री करा आणि एका वेळी काही सेकंदच बटण दाबा.

एसडीआरचा स्वयंचलित गेन बंद करून हाताने कमी ठेवा. ओव्हरलोड झालेला रिसीव्हर सिग्नल खोटाच रुंद दाखवतो, आणि निर्दोष रेडिओ दोषी ठरतो. ओळखायची युक्ती सोपी आहे: गेन १० डेसिबलने उतरवा. संपूर्ण आकृती सारखीच १० ने खाली आली तर चित्र खरं. कडा जास्त खाली गेल्या तर आधीचं चित्र ओव्हरलोडचं होतं. एसडीआरच्या सॉफ्टवेअरमध्ये २.४ मेगासॅम्पलवर एफएफटी (चित्राची बारकाई ठरवणारा आकडा) ३२७६८ ठेवली की रेघा सुमारे ७३ हर्ट्झच्या फरकाने सुट्या दिसतात, इतकं पुरतं.

आता फोन माइकसमोर धरा, १०४० हर्ट्झचा टोन अगदी हळू सुरू करा आणि वाढवत न्या. आधी मधली रेघ उंच आणि दोन्ही बाजूंना १०४० हर्ट्झवर ठेंगण्या रेघा दिसतात. आवाज वाढेल तशा बाजूच्या रेघा वर येतात आणि मधली बसू लागते. ती गोंगाटात बुडाली त्या क्षणी डेव्हिएशन २.५ किलोहर्ट्झ झालं. नॅरोचा लिमिटर (डेव्हिएशन रोखून धरणारं सर्किट) नीट असेल तर यापुढे फोन कितीही जोरात वाजवला तरी चित्र जवळपास तसंच राहतं. मधली रेघ पुन्हा ठळकपणे उंच आली तर रेडिओ २.५ ओलांडून गेला. ती दुसऱ्यांदा नाहीशी झाली तर डेव्हिएशन ५.७ किलोहर्ट्झवर पोचलं, आणि ते वाइडच्या हद्दीतही बसत नाही.

बोलण्याच्या चाचणीत कडाही पाहा. एफआरएसवर चॅनलच्या मध्यापासून ६.२५ ते १२.५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सिग्नल निदान २५ डेसिबल खाली हवा, १२.५ ते ३१.२५ मध्ये ३५ खाली, आणि त्यापुढे २ वॅटच्या रेडिओला ४६ खाली. घरच्या साधनांनी शेवटची ओळ खात्रीने सिद्ध होत नाही, पण पहिल्या दोन ओळींतली मोठी चूक स्पष्ट दिसते.

डिजिटल बोलणं

डीएमआर या डिजिटल रेडिओपद्धतीच्या कागदावर ७के६० एफएक्सई दिसतं, पी२५ या दुसऱ्या पद्धतीच्या कागदावर ८के१० एफ१ई. रुंदी १२.५ च्या आत असल्याने 'मग एफआरएस-जीएमआरएसवर का नको' हा प्रश्न येतोच. उत्तर कोडच्या दुसऱ्या तुकड्यात आहे. त्या सेवांच्या परवानगी-यादीत बोलण्यासाठीचे डिजिटल प्रकार, म्हणजे एफ१ई किंवा एफएक्सई, नाहीतच. रुंदी पास, प्रकार नापास. पीएमआर४४६ मध्ये डिजिटल बोलण्याला जागा आहे, पण तिथला डिजिटल हँडसेट अटलांटिकपलीकडे नेऊन वापरता येत नाही. तशीही दोन्हीकडची फ्रिक्वेन्सी वेगळी आहे.

रेडिओ फॅक्टरी रीसेट केला, किंवा दुसऱ्याची चॅनल-फाइल त्यात भरली, तर वाइड-नॅरोचे पर्याय बदललेले असू शकतात आणि पडद्यावर तसं काही लिहून येत नाही. अशा वेळी ८ ते १४ हे सात चॅनल आधी उघडून पाहा, मग १ ते ७, आणि रिपीटरचे चॅनल शेवटी.